वीस जोड्या, वर सावली

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणून तिथल्या भिंतींवरच्या जाहिराती आजही वाचता येतात. त्यातल्या एकीचा मजकूर साधारण असा आहे : नीरोच्या पूजेचे कायमस्वरूपी पुजारी डेसिमस लुक्रेशियस सॅट्रियस व्हॅलेन्स यांच्या तर्फे ग्लॅडिएटरांच्या वीस जोड्या, त्यांच्या चिरंजीवांतर्फे दहा जोड्या. एप्रिलमध्ये पाच दिवस लढती. जनावरांची शिकारही होईल. वर कापडाची सावली राहील.

हे वाचल्यावर वऱ्हाडातल्या माणसाला परकं वाटायचं काही कारण नाही. आमच्या शेंदूरजनाघाटच्या चौकात हिवाळ्यात पटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचं, नाहीतर कुस्त्यांच्या दंगलीचं फ्लेक्स लागतं, त्यातही क्रम हाच असतो. सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं नाव देणाऱ्याचं. मग चिरंजीव. मग बक्षिसाची रक्कम. जोडी कोणाची, पहिलवान कुठला हे त्याखाली. आणि तळाशी बारीक अक्षरात पाण्याची आणि मंडपाची सोय. पॉम्पेईचा रंगारी आमच्याकडे आला असता तर त्याला फक्त फोटो चिकटवायला शिकावं लागलं असतं.

रोमन खेळांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं ते सिनेमातून आलेलं आहे : वाळू, तलवार, रक्त, सम्राटाचा अंगठा. रिंगणात काय घडत होतं यावर आपली नजर खिळलेली असते. मला वाटतं, खरी गंमत रिंगणाबाहेर आहे. पैसे कोणी दिले, कोण कुठे बसलं, आणि ती बसायची जागा कायमची बांधायला रोमन लोक इतकी वर्षं का घाबरत होते, हे पाहिलं की खेळाचा अर्थ लागतो.

होय, घाबरत होते. रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली नोंदलेली लढत इ.स.पू. २६४ मधली. जुनियस ब्रुटस पेरा नावाचा माणूस वारला आणि त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. म्हणजे सुरुवात दिवसकार्यातून झाली. पुढची दोनशे वर्षं हे खेळ चौकात, बाजारात, लाकडी फळ्या ठोकून होत राहिले. खेळ संपला की फळ्या उतरवायच्या. इ.स.पू. १५४ मध्ये दगडी नाट्यगृहाचं काम सुरू झालं होतं, तर सिनेटने ते पाडायला लावलं. कारण उघड होतं. हजारो माणसं एका जागी रोज बसायला लागली तर ती फक्त नाटक बघणार नाहीत, एकमेकांकडेही बघतील. शेवटी इ.स.पू. ५५ मध्ये सेनापती पॉम्पेने पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह बांधलं, तेव्हा त्याने माथ्यावर व्हीनस देवीचं देऊळ उभारलं आणि सांगितलं की या पायऱ्या देवळाच्या आहेत. देवळाच्या नावाने जागा मोकळी करून घेण्याची ही युक्ती फार जुनी आहे.

लाकडाच्या त्या काळात एकाहून एक विक्षिप्त प्रकार झाले. क्युरिओ नावाच्या पुढाऱ्याने वडिलांच्या दिवसांसाठी दोन अर्धवर्तुळाकार लाकडी नाट्यगृहं पाठीला पाठ लावून उभी केली. सकाळी दोन्हीकडे वेगवेगळी नाटकं. दुपारनंतर ती दोन्ही खुंट्यांवर फिरवायची, प्रेक्षकांसकट, आणि तोंडाला तोंड जुळलं की पूर्ण गोल तयार. मग त्यात ग्लॅडिएटर. हे लिहून ठेवणाऱ्या थोरल्या प्लिनीला राग आला होता तो खर्चाचा नाही, तर असल्या डगमगत्या लाकडावर बसून टाळ्या वाजवणाऱ्या रोमन जनतेचा.

आणि तो राग उगाच नव्हता. इसवी सन २७ मध्ये रोमजवळच्या फिडिनी गावात एका माणसाने पैसा कमवायला लाकडी रिंगण उभारलं. पाया पक्का घेतला नाही, जोड नीट आवळले नाहीत. भरलेलं रिंगण कोसळलं. इतिहासकार टॅसिटस मेलेल्या आणि जायबंदी झालेल्यांचा आकडा पन्नास हजार देतो. तो फुगवलेला धरला तरी दुर्घटना भयंकरच. त्यानंतर सिनेटने नियम केला : चार लाख सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याने ग्लॅडिएटरांचे खेळ भरवायचे नाहीत आणि जमीन पक्की असल्याची खात्री केल्याशिवाय रिंगण बांधायचं नाही. परवान्याचा हा कायदा बहुधा जगातल्या सगळ्यात जुन्या क्रीडांगण-नियमांपैकी असेल. पण २०२१ मध्ये तेलंगणात सूर्यापेटला कबड्डीच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रेक्षकांची गॅलरी कोसळून शंभरावर माणसं जखमी झाली, तेव्हा फिडिनीची आठवण कोणाला झाली असेल असं वाटत नाही.

कोलोसियम या सगळ्यानंतरचं. व्हेस्पेशियन सम्राटाने ते बांधायला घेतलं, त्याचा मुलगा टायटस याने इसवी सन ८० मध्ये उघडलं. जागा निवडली ती मुद्दाम. नीरोने शहराच्या मधोमध आपल्या सुवर्णमहालाचं तळं केलं होतं, ते बुजवून तिथेच लोकांसाठी रिंगण उभं राहिलं. पैसा जेरुसलेमच्या लुटीचा. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६, उंची जवळपास ५०. ऐंशी कमानी, त्यांपैकी ७६ वर आकडे कोरलेले, म्हणजे ज्याने त्याने आपल्या कमानीतून आत जावं. पन्नास हजार माणूस धरला तर अख्खं शेंदूरजनाघाट दोनदा बसवून जागा उरली असती. वरचं कापडी छत ओढायला मिसिनमच्या आरमारातले खलाशी ठेवले होते, कारण एवढी दोरखंडं आणि शिडं सांभाळणं दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. टायटसचा भाऊ डोमिशियन याने पुढे वाळूखाली तळघरं खोदली. तिथून माणसं चक्रं फिरवत आणि पिंजऱ्यातलं जनावर एकदम जमिनीतून वर आल्यासारखं दिसे.

बसण्याची व्यवस्था हा खरा कळीचा भाग. सम्राट ऑगस्टसने आधीच कायदा करून ठेवला होता. पुढे संगमरवरावर सिनेटर, मागे घोडेस्वार वर्ग, मग नागरिक. लग्न झालेले एकीकडे, शिकणारी मुलं त्यांच्या गुरुजींजवळ, सैनिक वेगळे. आणि सगळ्यात वर, लाकडी बाकांवर बायका आणि गरीब. प्रवेशाला पैसे नव्हते. पैसे नाहीत म्हणजे फुकट, असं मात्र नव्हे. आपली पायरी कोणती हे पन्नास हजार लोकांसमोर मान्य करणं, हीच किंमत. रोमन समाजाचा नकाशा काढायचा तर वेगळा कागद लागत नव्हता, खेळाच्या दिवशी उंचावरून पाहिलं तरी भागत असे.

रिंगणात लढणाऱ्याची गोष्ट याच्या उलटी. ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, कैदी किंवा करार करून स्वतःला विकलेले स्वतंत्र लोक. कायद्याच्या नजरेत ते बेइज्जत, मतदानाला आणि साक्षीला नालायक. आणि तरी त्यांची नावं भिंतींवर, दिव्यांवर, पेल्यांवर. गायस नावाच्या दुसऱ्या शतकातल्या कायदेपंडिताने विद्यार्थ्यांसाठी एक कोडं लिहून ठेवलं आहे. ग्लॅडिएटर पुरवणारा ठेकेदार म्हणतो, जो धडधाकट परत येईल त्याचे २० दिनार द्या. जो मरेल किंवा कायमचा लुळा होईल त्याचे १०००. मग हा भाड्याचा करार की विक्रीचा? गायसचं उत्तर : परतला तो भाड्याचा, मेला तो विकलेला. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे प्रत्येक लढतीत मारून टाकणं परवडणारं नव्हतं, पन्नासपट पैसे मोजावे लागत. आणि दुसरी म्हणजे माणसाचा हिशेब बैलजोडीसारखा होत होता.

तुर्कस्तानात इफिससला १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. हाडांच्या तपासणीत दिसलं की त्यांचा आहार मुख्यतः गहू, सातू आणि डाळी-शेंगांचा होता. रोमन लोक त्यांना सातूखाऊ म्हणत, ते नुसतं चिडवणं नव्हतं. आमच्याकडचा पहिलवान दूध, तूप, बदाम याशिवाय उभा राहणार नाही, आणि त्याच्या खुराकासाठी गाव वर्गणी काढतं. लढणाऱ्याला समाज काय समजतो हे त्याच्या ताटावरून ओळखावं.

रथांच्या शर्यतींची जागा याहून मोठी होती. सर्कस मॅक्सिमस सुमारे ६०० मीटर लांब, दीड लाख माणूस बसेल एवढी, असं हॅलिकार्नासचा डायोनिसियस सांगतो. बारा रथ, सात फेऱ्या, चार रंग : लाल, पांढरा, निळा, हिरवा. धाकट्या प्लिनीची तक्रार आहे की लोक घोड्याचा वेग किंवा हाकणाऱ्याचं कसब बघतच नाहीत, ते कापडाच्या रंगावर जीव टाकतात. शर्यत चालू असताना रंग बदलले तर जीवही बदलतील. गायस अप्युलियस डायोक्लीस नावाचा सारथी वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्त झाला. धावला ४,२५७ वेळा, जिंकला १,४६२. कमाई ३ कोटी ५८ लाख ६३ हजार १२० सेस्टर्स. त्या काळी सैनिकाला वर्षाला साधारण १,२०० मिळत. म्हणजे तीस हजार सैनिकांचा वर्षाचा पगार एका माणसाने लगाम हातात धरून मिळवला. वऱ्हाडातल्या पटाच्या धुरकऱ्याला, म्हणजे जोडी हाकणाऱ्याला, हे आकडे सांगावेत असं वाटतं, आणि सांगूही नयेत असं वाटतं.

हे जे कापडावर जीव टाकणं आहे, त्याचा शेवट नेहमी टाळ्यांत होत नाही. इसवी सन ५९ मध्ये पॉम्पेईच्या रिंगणात पॉम्पेईचे लोक आणि शेजारच्या नुसेरियाचे लोक एकत्र बसले होते. आधी टोमणे, मग दगड, मग हत्यारं. नुसेरियाचे पुष्कळ मेले. सिनेटने पॉम्पेईत असे खेळ दहा वर्षं बंद केले. पॉम्पेईतल्या एका घराच्या भिंतीवर त्या दंगलीचं चित्र निघालं, ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कोणीतरी ती मारामारी कौतुकाने आपल्या भिंतीवर रंगवून घेतली होती.

दोन शेजारी गावं आणि दगड म्हटलं की आमच्या भागात एकच नाव निघतं. सीमेपलीकडे पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मधोमध नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याचे लोक ते तोडायला जातात आणि दोन्ही काठांवरून दगड सुटतात. कथा पळून गेलेल्या मुलामुलीची सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, काही वर्षी माणसं दगावली आहेत, आणि प्रशासन दरवर्षी जमावबंदीचे आदेश काढतं, रुग्णवाहिका उभ्या करतं. इथे देणारा धनिक नाही, तिकीट नाही, दगडी पायऱ्या नाहीत. बघणारा कधी फेकणारा होईल सांगता येत नाही, कारण त्यांच्यामध्ये भिंतच नाही. रोमन लोकांनी रिंगणाला चार मीटर उंच भिंत घातली ती फक्त वाघ-सिंहांसाठी होती असं मला वाटत नाही.

वाघाचं निघालंच आहे तर. रोमन लोकांनी वाघ पहिल्यांदा पाहिला तो भारतातून गेलेला. इ.स.पू. २० मध्ये सामोस बेटावर भारतीय दूतांनी ऑगस्टसला वाघ नजर केले. इ.स.पू. ११ मध्ये मार्सेलस नाट्यगृहाच्या उद्घाटनाला त्याने पिंजऱ्यातला पाळीव वाघ रोममध्ये दाखवला. पुढच्या शतकात जनावरांचा हिशेब हजारांनी होऊ लागला. कोलोसियमच्या शंभर दिवसांच्या उद्घाटनात नऊ हजार जनावरं मारली गेली, असं इतिहासकार कॅशियस डायो लिहितो. ही जनावरं यायची कशी याचा एक मजेदार पुरावा सिसेरोच्या पत्रव्यवहारात आहे. तो किलिकिया प्रांताचा सुभेदार असताना त्याचा तरुण मित्र सीलियस रोमहून पत्रावर पत्र पाठवतो : मला निवडून यायचंय, खेळ भरवायचे आहेत, बिबटे पाठव. सिसेरो उत्तर देतो की बिबटे फार कमी झालेत, आणि उरलेले म्हणतात की या प्रांतात सापळे फक्त आमच्यासाठीच लावले जातात, म्हणून ते सरहद्द ओलांडून गेले. निवडणुकीच्या खर्चाचा इतका खुसखुशीत कागद दुसरा नसेल.

महाराष्ट्रात कोलोसियमची थेट सावली पडली ती मात्र वऱ्हाडात नाही, कोल्हापुरात. १९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं. त्याच प्रवासात, ते परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा करवीर संस्थानचा जाहीरनामा निघाला. या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो; योगायोग म्हणून सोडून देत नाही. परत आल्यावर खासबागेच्या जागी कुस्त्यांचं मैदान बांधायला घेतलं, १९१२ मध्ये ते तयार झालं. मधोमध मातीचा हौदा, भोवती वर चढत जाणारा गोल उतार, सुमारे तीस हजार माणूस बसेल असा. कुठेही बसा, हौद्यातला डाव दिसतो. शेजारी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उघडलं, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं.

खासबाग म्हणजे कोलोसियमची नक्कल, असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आकार घेतला, हे खरं. पण आत ठेवलेली गोष्ट पार वेगळी. रोममध्ये लढणारा बेइज्जत. सम्राट कमोडस हौसेने रिंगणात उतरला तेव्हा सिनेटरांना लाज वाटली. कोल्हापूरचा राजा स्वतः तालमीच्या मातीत घाम गाळलेला, आणि तीच त्याची प्रतिष्ठा. पंजाबपासूनच्या मल्लांना त्याने आश्रय दिला, त्यांच्या खुराकाचा खर्च दरबारातून केला. डावात हरलेला पहिलवान हौद्यातून उठून मातीला हात लावून कपाळी लावतो आणि घरी जातो. त्याच्यासाठी भाडं की विक्री, हा प्रश्न गायसच्या पोथीतच राहतो.

गंमत म्हणजे शाहू महाराज रोमला जाण्याच्या कितीतरी शतकं आधी रोम कोल्हापुरात येऊन गेलं होतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. सातवाहन काळात व्यापारातून आलेली. वस्तू आली, खेळ आला नाही. त्या काळातलं विटांच्या पायऱ्यांचं एक रिंगण आंध्रात नागार्जुनकोंड्याला सापडलं, इक्ष्वाकूंच्या वेळचं. धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी ते उचलून अनुपूला पुन्हा बांधलं. त्यामागे रोमन कल्पना असावी का, यावर अभ्यासकांत वाद आहे.

वऱ्हाडाने दगडात काही बांधलं नाही. इथला गोल माणसांचाच. लोकनाट्य दंडार असो की खडी गंमत, माणसं उभी राहिली की मंच तयार, पांगली की शेत मोकळं. बांधलं ते संस्थेच्या रूपात : १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाची मुलं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी आणि मलखांब दाखवून आली. युरोपात तेव्हा रिंगणं पुन्हा रोमन मापाची बांधली जात होती आणि पुढे बसणारा पुन्हा एकच माणूस होता. अमरावतीच्या पोरांनी तिथे एक लाकडी खांब रोवून त्यावर कसरत केली.

आणि पट. तळेगाव दशासरचा शंकरपट सगळ्या विदर्भात नावाजलेला. हलकी गाडी, एक जोडी, एक धुरकरी, सरळ धाव. निकाल सेकंदांच्या तुकड्यांवर. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला तात्पुरती परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि टोचणं, चाबूक ओढणं, विजेचा झटका देणं बंद आहे, निदान कागदावर.

रोममध्ये ग्लॅडिएटर पाचव्या शतकाच्या सुरुवातीला थांबले, जनावरांच्या शिकारीची शेवटची नोंद ५२३ ची. दया हे कारण काही जणांपुरतं खरं असेल. तिजोरी रिकामी झाली होती आणि आफ्रिकेतून जनावरं आणणारी वाट तुटली होती, हे जास्त खरं. आमच्याकडे उलटं झालं. शेतात ट्रॅक्टर आला, औताचा बैल विकला गेला, आणि पटाचा बैल मात्र राहिला. त्याला औताला जुंपत नाहीत. त्याची किंमत लाखांत जाते, तो गोठ्यात पंख्याखाली उभा असतो, आणि गावोगावच्या फ्लेक्सवर धुरकऱ्याच्या आधी त्याचं नाव येतं.